शेडगेभाऊंनी सोडून दिलेले काम

शेडगेभाऊ गणनयंत्राशी मावळी बोलत. सूचना लिहिताना त्यांचे ओठ हलायचे, "ह्यो आकडा उचल. हितं ठेव. आता त्येच्यात दुसरा मिळव." मळवलीच्या भातशेतकऱ्याचा हा मुलगा गणितात एम.एस्सी. झाला होता. लोणावळ्याच्या आमच्या गणनकेंद्रात ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत.

सत्तरच्या दशकात जुने यंत्र मोडीत निघायचे ठरले. धरणांच्या पाण्याचे सगळे हिशेब एका जुन्या भाषेत लिहिलेले होते आणि नव्या यंत्राला ती भाषा कळत नव्हती. तिचे नव्या यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कम्पायलर, लिहायचे काम आम्हा दोघांकडे आले. भाषा वाचणारा पुढचा भाग मी लिहिला. यंत्राच्या सूचना घडवणारा मागचा भाग भाऊंचा. त्या भागाने सूचनांऐवजी फोरट्रान या सगळ्यांना वाचता येणाऱ्या संगणकभाषेतला साधा मजकूर काढून दिला असता, तर पुढचे काम यंत्राबरोबर आलेल्या तयार कम्पायलरने केले असते. पण भाऊंनी थेट सूचनाच काढायचे ठरवले. "दुसऱ्यानं चावलेलं आपण का खायचं?"

दोन वर्षे ते खपले. त्यांचे काम वाऱ्यासारखे धावायचे. मग त्यांना घशाचा कर्करोग निघाला आणि ते घरी बसले. पावसाळा तोंडावर आला, आणि नेमके धरणांचे दरवाजे उघडायचे हिशेब चुकू लागले. त्यांच्या सूचनांत मी शिरायची आणि हरवून जायची. जुने यंत्र तर महिनाअखेर जाणार होते.

शेवटी कागद घेऊन मी मळवलीला गेले. त्यांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, "बाई, त्यास्नी बोलवंना. नका दावू कागद."

भाऊंनी आतून हात पुढे केला. बराच वेळ पाहून कुजबुजले, "ही चूक काढीन मी. फुडची कोन काढंल?"

"तुम्ही बरे झालात की..."

"न्हाई व्हनार. माजं लिवलेलं तुमाला वाचता येतंय?"

मी मान हलवली. नाही.

"मग टाका त्ये. फोरट्रान काढा."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. वहिनी पेजेची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते कुजबुजत सांगत आणि मी लिहीत असे. त्यांच्या तोंडातून रक्त पडले की थांबायचो. जुने यंत्र हलवायच्या आधी दोन्ही यंत्रांवरचे आकडे जुळले.

"हळू चालतंय?" त्यांनी विचारले.

"फार हळू."

"पन बरूबर?"

"बरोबर."

त्यांनी डोळे मिटले. श्रावणात ते गेले.

त्या मागच्या भागात पुढे कितीतरी जणांनी दुरुस्त्या केल्या. मी निवृत्त होईपर्यंत कुणालाही त्यातले काही मला विचारावे लागले नाही.