भिंगरीचे कान

बेचाळिसाव्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि कुमुद रेगे यांचे दोन्ही कान गेले. दिल्लीत रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या एकट्याच राहत. टायपिस्टची नोकरी टिकली, समोरच्याचे ओठ वाचायलाही त्या शिकल्या. पण दाराची घंटा, कुकरची शिट्टी, मागून येणारी स्कूटर, सगळं मुकं झालं. भावानं पुण्याला बोलावलं. ‘माझं घर दिल्लीत आहे,’ एवढंच त्यांनी उलट कळवलं.

पालमला शहाजी जगदाळे नावाचे निवृत्त हवालदार राहत. फौजेत त्यांनी अठरा वर्षं कुत्री तयार केली होती. कुमुदताईंनी गल्लीतली एक तांबूस कुत्री त्यांच्यापुढे नेऊन उभी केली. नाव भिंगरी.

“हिला शिकवीन मी,” हवालदार सावकाश बोलले, ओठ दिसतील असे. “पण अर्धं शिकायचं ते तुम्ही, ताई. हुकूम कुणीही देतं. ती काय सांगते ते तुम्हाला वाचता यायला हवं.”

आठ महिने लागले. आवाज आला की भिंगरी गुडघ्याला नाक लावी. ताईंनी तळवा उघडून ‘कुठे?’ विचारलं की तिकडे घेऊन जाई. ताई तिच्या कानांकडे बघत राहत. भांडं पडलं तर ते नुसते हलत. माणूस बोललं तर ताठ होत आणि मान एका बाजूला कलत असे.

एका रविवारी दुपारी भिंगरीनं गुडघ्याला नाक लावलं आणि ताईंना थेट समोरच्या दाराशी नेलं. तिथे विजयालक्ष्मी नावाच्या, निवृत्तीला आलेल्या शिक्षिका एकट्या राहत. ताईंनी दार ठोठावलं. उघडलं नाही. त्यांनी खालच्या शशिकांत पेठेंना आणि चौकीदाराला बोलावून आणलं. दोघांनी दाराला कान लावले.

“कुछ नहीं है, मैडम,” चौकीदार म्हणाला.

“झोपल्या असतील. उगाच कशाला?” पेठे म्हणाले.

ताईंनी हातानंच दोघांना गप्प केलं. भिंगरीचे कान ताठ झाले, मान कलली. मग कान सैल पडले. पुन्हा ताठ.

“आत कोणीतरी थांबून थांबून हाक मारतंय.”

“आम्हाला ऐकू येत नाही, आणि तुम्हाला कसं कळलं?”

“हिला येतंय. कडी तोडा, नाहीतर मी तोडते.”

पेठे घुटमळले. ताई घरात गेल्या आणि वरवंटा घेऊन आल्या. दुसऱ्या घावाला पेठेंनी तो त्यांच्या हातून घेतला, आणि चौथ्याला कडी निखळली.

विजयालक्ष्मी न्हाणीघरात पडलेल्या होत्या, सकाळपासून. खुबा मोडला होता आणि आवाज पार बसला होता.

ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तीन महिने ताईंनी त्यांचा डबा केला. विजयालक्ष्मींना मराठी येत नव्हती, हिंदीही तोडकीमोडकीच. तरी रोज संध्याकाळी त्या उजेडाकडे तोंड करून बसत, कुमुदताईंना त्यांचे ओठ नीट दिसावेत म्हणून.