गाडीची चेष्टा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते आमच्या शाळेच्या हेडक्लार्कचे. सगळं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे, मीही तेच म्हणतो. मला शिकवलं शिक्षकांनी, पण कॉलेजात पोचवलं ते भाऊसाहेबांनी.

बारावीनंतर शाळेने एक फॉर्म भरून घेतला होता. ‘पुढे शिकण्याची इच्छा आहे काय?’ या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. वडील आठवडी बाजारात छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायला बसत, आणि आता मीही त्यांच्या शेजारी बसायचं हे घरात ठरल्यासारखंच होतं. भाऊसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. उपदेश केला नाही. कोरा फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाले, “हा पुन्हा भर. पहिल्यावर शाई सांडली.” पहिला फॉर्म समोरच पडला होता, त्यावर शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. पुढे जिल्ह्याच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत ते रजा टाकून दिवसभर माझ्याबरोबर उभे राहिले. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक छोटी पांढरी गाडी घेतली. ती त्यांच्यापेक्षा गावाच्याच जास्त कामी आली. कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, कुणाच्या मुलीला परीक्षेला सोडायचं असो, भाऊसाहेब किल्ली घेऊन निघत. मग हळूहळू त्यांचे कान गेले. मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईना, तेव्हा एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “तू चालव,” म्हणाले, “नुसती दारात उभी राहिलेली मला बघवणार नाही.” गाडी तेव्हाच लाखभर किलोमीटर चाललेली होती.

फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना पत्रं लिहितो. त्यांच्या पत्रात सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी झाली की लगेच गाडीची चौकशी असते.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली नागपूरहून कोलकात्याला झाली. कचेरी खिदिरपूरच्या गोदीत, घर बेहाल्यात. गाडी ट्रकवर चढवून इकडे आणली. तोवर तिच्या मीटरने दोन लाखांचा आकडा ओलांडला होता. यंदा थंडी सरता सरता ती ऑइल खाऊ लागली. मागून निळा धूर येई आणि पुलाचा चढ लागला की तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरके. गोदीच्या फाटकाशी एक सहकारी नाक धरून म्हणाला, “साहेब, ही गाडी आहे की डास मारायचं मशीन?” सगळे हसले. मीही हसलो, पण ते मनाला लागलं.

घरी बायको जास्त स्पष्ट बोलली. “अहो, भाऊसाहेबांनी तुम्हाला गाडी दिलीय, देव्हाऱ्यातली मूर्ती नाही.” तिचं म्हणणं, करण्यासारखी असेल तर करा, नसेल तर सोडा, पण एकदा काय ते ठरवा.

ठरवणं मला जमत नव्हतं. वडील छत्री हातात घेत, दांडी एकदा वाकवून बघत आणि गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगत की हिच्यात आता काही राम नाही. ती नजर मला आली नाही. शिवाय छत्री वडिलांची नसे, गिऱ्हाइकाची असे. ही गाडी भाऊसाहेबांची होती. ती भंगारात घालणं म्हणजे त्यांनी दिलेलं मला टिकवता आलं नाही असं स्वतःच लिहून देणं होतं.

शेवटी मार्चमधल्या एका रविवारी मी तिला बेहाल्यातल्याच एका गॅरेजात नेलं. मिस्त्री सत्तरीकडे झुकलेला, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने इंजिन चालू ठेवायला सांगितलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग मीटर पाहिला. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “चेष्टा कोरे देखी.”

मला बंगाली येत नव्हतं. पण ‘चेष्टा’ हा शब्द कुणी मला समजावून सांगायची गरज नव्हती, शाळेत माझ्या ठिगळाच्या चड्डीची पुरेशी झाली होती. वर तो हसत होता. माझ्या मनात आलं, फाटकाशी हसणारे आहेतच, आता इथेही तेच. मी शक्य तितक्या ठामपणे हिंदीत म्हणालो, “इसकी चेष्टा मत करो.”

मिस्त्रीचं हसू मावळलं. मग “ठीक आछे, दादा” म्हणून त्याने बॉनेट अगदी हलक्या हाताने मिटलं. मी मान ताठ ठेवून गाडी घरी आणली.

त्यानंतर मी दुसरं गॅरेज शोधलं नाही. आज शोधू, उद्या शोधू म्हणत राहिलो. गाडी गल्लीच्या सखल टोकाला उभी राहिली. पावसाळ्यात तिथे तीनदा पाणी तुंबलं आणि तिन्ही वेळा ती अर्ध्या चाकांपर्यंत त्या पाण्यात होती. त्या काळात मी भाऊसाहेबांना दोन पत्रं लिहिली. दोन्हींत लिहिलं, गाडी उत्तम आहे.

दुर्गापूजेच्या सुट्टीआधी मुलीची बंगालीची वही तपासून आली. ती इथल्या शाळेत जाते, बंगाली तिला आता माझ्यापेक्षा खूप चांगलं येतं, मराठी मात्र अडखळत. वहीच्या शेवटी लाल शाईत काही लिहिलं होतं. मी विचारलं, तिने वाचून दाखवलं, “आरो चेष्टा कोरो.”

मी चिडलोच. म्हटलं, “तुझ्या बाई तुझी चेष्टा करतात?”

“माझी नाही बाबा, मीच करायची,” ती म्हणाली. “चेष्टा म्हणजे ट्राय. मॅम म्हणते अजून ट्राय कर.”

बायकोला हसू फुटलं. गॅरेजातला प्रकार मी तिला तेव्हाच सांगितला होता. मिस्त्री म्हणाला होता, प्रयत्न करून बघतो. आणि मी त्याला बजावलं होतं, प्रयत्न करू नका.

पुढच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगून माफी मागितली. तो आधी खूप हसला, शेजारच्या टायरवाल्याला बोलावून त्यालाही ऐकवलं. मग हिंदीत म्हणाला, “मला वाटलं, गाडी ज्यांची होती ते गेले असतील. असे लोक येतात, दादा. गाडी आणतात आणि हात लावू देत नाहीत.”

“ते आहेत,” मी म्हणालो.

“मग बघायला हवं.”

गाडी दोरीने ओढून नेली. दोन दिवसांनी त्याने मला बोलावलं. गाडी जॅकवर होती. इंजिनाचं हेड उतरवून त्याने फडक्यावर नीट मांडून ठेवलं होतं. पण तो मला खाली वाकायला सांगत होता. पुढची चाकं ज्या पत्र्याला धरून असतात, त्यावर त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. तो बिस्किटात जावा तसा आत गेला.

“इंजिन मी करून देईन, दादा,” तो म्हणाला. “पण ठेवू कशात?”

मी विचारलं, पत्रा जोडता येणार नाही का. म्हणाला, जोडता येतो, जोडून देणारेही भेटतील. पण पुलाच्या उतारावर ब्रेक दाबताना बायको-मुलीला घेऊन त्या जोडावर भरवसा ठेवा असं मी सांगणार नाही.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. मार्चमध्ये ही वाचली असती का?

त्याने हात पुसले. “गंज तेव्हाही असणार. किती होता ते मी पाहिलं नाही. तुम्ही पाहू दिलं नाहीत.”

बोलण्यात राग नव्हता. त्याने मला चहा पाजला. चहा संपेपर्यंत माझं ठरलं होतं. मी त्याला सांगितलं, इंजिन पुन्हा जोडू नका.

घरी बायकोने एवढंच विचारलं, “भाऊसाहेबांना काय लिहिणार?”

“खरं ते.”

“सगळं?”

मी त्याच संध्याकाळी लिहायला बसलो. ते पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांस सा. नमस्कार.

आम्ही तिघे येथे खुशाल आहोत. गाडी आता राहिली नाही. मागच्या दोन्ही पत्रांत ती उत्तम आहे असे मी लिहिले, ते खोटे होते. ती मार्चपासून बंद होती. येथील एक मिस्त्री तिच्यासाठी प्रयत्न करायला तयार होता. त्याचा शब्द मला कळला नाही, तो गाडीला हसतो आहे असे वाटून मी तिला उचलून आणले. पुढे ती पावसाच्या पाण्यात उभी राहिली आणि खालचा पत्रा गंजून गेला. तेव्हाच त्याच्याकडे ठेवली असती तर वाचली असती की नाही हे मिस्त्रीलाही सांगता येत नाही. मला वाटते, कदाचित वाचली असती.

तिच्यात मुलीला बसवण्याची हिंमत होईना, म्हणून सोडायचे ठरवले. आजवर प्रत्येक मोठी गोष्ट तुम्हाला विचारून केली. ही विचारली नाही, कारण तुम्ही मला वाईट वाटू नये असेच काहीतरी लिहिले असते, आणि मी ते खरे मानले असते.

तुम्हाला राग आला असेल तर तसेच लिहा. पण पत्र लिहा.

आपला