लॉकचं बटन

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी धाम नदीच्या पुलापर्यंत फिरायला जातो त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही धड माहीत नाही. बोलायला लागलोय, एवढंच.

मी पवनारला राहतो, वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सुतारकाम हा सुट्टीतला नाद. नाद म्हणजे नादच — येत फारसं नव्हतं, पण मिरवायला भारी आवडायचं. आधी हाताचा रंधा होता. त्यानं एक फळी तासायला सकाळ जायची आणि रात्री खांदे भरून यायचे. मग विजेवरचा घेतला. काय सांगू, जुन्या सागवानी फळीवरून तो फिरवला की वरचा काळपट थर जाऊन आतला पिवळाधमक रंग दिसायचा! मी लगेच कुंदाला हाक मारायचो. कुंदा म्हणजे माझी बायको. ती हातातली शिलाई ठेवून यायची, फळीवरून बोटं फिरवायची, "गुळगुळीत झाली बापा" म्हणायची आणि परत मशीनवर जाऊन बसायची. तिला कुठला वेळ? अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्याकडे असायचे.

या रंध्याच्या मुठीत एक खटका असतो. तो दाबून धरला तर खालचं पातं फिरतं, सोडला की थांबतं. फळी लांब असली की बोट अवघडतं, म्हणून बाजूला एक बारकं बटन दिलेलं असतं — लॉकचं. ते लावलं की खटका दाबलेलाच राहतो. बोट काढलं तरी रंधा चालू; खटका पुन्हा दाबला की लॉक सुटतं. सोयीचं आहे. पण आपल्याकडे लाईन जाते ना? लाईन गेली की रंधा बंद पडतो, खटका मात्र आत अडकलेलाच. आणि लाईन परत आली की — कळलं ना? हे कळायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. मी तर मास्तरच होतो. वर्गात पोरांना घसा फोडून सांगायचो, लाईन गेली की आधी प्लग काढा रे.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार होती. मागच्या पडवीत जुन्या दाराच्या फळ्यांचा दिवाण करत होतो. लॉक लावून रंधा फिरवत होतो आणि लाईन गेली. मी रंधा तसाच फळीवर ठेवला. खटका अडकलेला, प्लग लावलेला. घामानं नुसता चिंब झालो होतो. न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. विसरलो असं म्हणू का? नाही, विसरलो नव्हतो. प्लग काढायला चार पावलं उलटं जावं लागत होतं आणि मला कंटाळा आला होता.

कुंदा भुसा झाडायला आली. पसारा मी करायचा आणि आवरायचा तिनं, हे घरात ठरलेलंच. फळी झाडायची म्हणून तिनं रंधा उचलला. एक हात मुठीला, दुसरा खालून. तेवढ्यात लाईन आली.

मी धावत आलो तेव्हा रंधा जमिनीवर पडून घरघरत होता आणि ती डावा हात पोटाशी धरून खाली बसली होती. साडी लाल झाली होती. मी प्लग ओढला. इथवर कोणीही हेच केलं असतं. पण त्यानंतर मी तिच्याकडे गेलो नाही. मी वाकलो, रंधा उचलला, खटका दाबून लॉक सोडवलं आणि मग तिच्याकडे वळलो. आधी लॉक, मग बायको. तेवढ्या घाईत हे सुचलं कसं? कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. सुचलं.

दोन बोटांची टोकं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "हिनं उचलताना खटका दाबला." किती सहज म्हणालो! तिचा मोठा भाऊ आला, तो तिच्यावरच तापला. "तुले कोनं सांगतलं होतं मशीनले हात लावाले? लहानपणापासून धांदरटच हायेस!" ती टाके पडलेला हात उशीवर ठेवून म्हणाली, "चुकलं माहं, दादा." मी शेजारीच उभा होतो. सलाईनच्या बाटलीकडे बघत होतो.

इथंच थांबलो असतो तर त्याला भेकडपणा म्हणता आलं असतं. पण पुढचं ऐका. घरी आल्यावर काही दिवसांनी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अवो, पण मी तं खटक्याले बोटच लावलं नव्हतं. मूठ वरून धरली होती. मले चांगलं आठवते." तिला बरोबरच आठवत होतं. आणि मी काय केलं? मी रंधा आणला. वर्गात समजावतो तसं तिला समजावलं — मूठ धरली की बोट आपोआप इथं येतं बघ, घाबरल्यावर माणसाला नीट आठवत नाही, मेंदू असाच असतो. मेंदूपर्यंत गेलो मी! ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंन बा. तुमाले जास्त समजते."

त्या दिवसापासून ते तिचंच झालं. हळदीकुंकवाला बायकांमध्ये बसली की स्वतःच हात पुढे करून सांगते, "पाहा माहे प्रताप!" बायका हसतात, तीही हसते. जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले होते, शिवणकाम सुरू करा, जमेल. तिनं केलं नाही. पायाची मशीन जावेला देऊन टाकली. "माह्या हाताचा काई भरोसा नाई," म्हणाली. मिक्सरला हात लावत नाही. चटणी मी वाटून देतो. आणि शेजारीपाजारी म्हणतात, गुरुजी बायकोला किती जपतात! तो दिवाणही मी पूर्ण केला, बरं का. छान झालाय. आल्यागेल्याला तिथंच बसवतो.

बरं, हे सगळं जुनं झालं. जुन्यावर पांघरूण घालून माणूस जगतो, मीही जगत होतो. पण या दिवाळीत आमची मुलगी आर्वीहून आली, ती आईसाठी विजेवरची शिलाई मशीन घेऊन. "आई, तुले येते ना सारं, मंग काऊन बसून राह्यतेस?" मुलगी गेल्यावर कुंदानं ती मशीन टेबलावर मांडली, पदरानं पुसली, ब्लाउजचा एक तुकडा सुईखाली सरकवून पाहिला. दिवसभर येता-जाता बघत होती. संध्याकाळी माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांत तिला असं अवघडलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ठेवू का हो? चालवता येईन का मले?"

एक शब्द पुरला असता. ठेव म्हणायचं होतं, नाहीतर सगळं खरं सांगायचं होतं. दोन्ही तोंडाशी होतं. पण तिनं मशीन नीट चालवली असती तर? तिच्या हाताचा काही दोष नाही हे तिला कळलं असतं तर? मग ती परत त्या दुपारकडे वळली असती. मला हे तेव्हाच कळत होतं, नंतर नाही.

मी म्हणालो, "राहू दे. पुन्हा कुठं तरी बटन दाबून बसशील."

तिनं मान हलवली. "हो, तेबी खरंच हाये."

दुसऱ्या दिवशी मशीन मीच खोक्यात भरली आणि आर्वीला परत न्यायला निघालो. ती फाटकापर्यंत आली. "नीट धरून नेजा," म्हणाली, "पोरीनं हौसेनं आनली होती."