वाफेवर वाकवलेली नळी

"वाट वाकडी असंल तर आपुनबी वाकडं व्हायाचं, गड्या," असं म्हणत सुभेदार स्टोव्हवरच्या किटलीपाशी वाकायचे आणि प्लॅस्टिकची बारीक नळी वाफेत धरायचे. नळीत तार घातलेली असे. नळी मऊ झाली की दोन बोटांनी टोकाला बाक द्यायचा आणि लगेच गार पाण्यात बुडवायची. त्या किटलीत चहा करायचं कुणी नाव काढलं, तर सुभेदारांतला फौजी जागा व्हायचा.

सत्तरच्या दशकात सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. मेंदूतल्या रक्तवाहिनीला कधी कधी फुगा येतो. तो फुटला तर माणूस हातचा जातो. फुगा नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून डॉक्टर मांडीतून नळी घालून मानेपर्यंत नेत, तिच्यातून एक्स-रेत उठून दिसणारं औषध सोडत आणि मी फोटो काढत असे. आमच्याकडे यायचं ते सरळ नळीचं भेंडोळं. बाक सुभेदारांचा.

ते साताऱ्याकडचे, फौजेच्या इस्पितळातून निवृत्त झालेले. शिक्षण चौथी, पण त्यांना विचारल्याशिवाय डॉक्टर नळीला हात लावत नसत. शिस्त अशी, की कापसालासुद्धा रांगेत उभं करतील. सुट्टीवरून येताना मात्र कंदी पेढे घ्यायचे आणि अर्धे एसटीतच वाटून मोकळे व्हायचे.

एकदा पलूसच्या शाळेतल्या एक बाई आल्या. शिकवताना डोकं धरून वर्गातच कोसळल्या होत्या. फुगा थोडा पाझरला होता. पुरता फुटायच्या आत तो सापडायला हवा होता. पहिल्या दिवशी नळी मानेच्या वळणावरून तीनदा घसरली. सुभेदारांनी फोटो उजेडाला धरून न्याहाळला, ते वळण बोटाने टेबलावर गिरवलं आणि संध्याकाळपर्यंत बसून तीन नळ्यांना नवे बाक दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नव्या सिस्टरने त्या नळ्या पाहिल्या. पोरगी कष्टाळू, कामात चोख. बाकीचं सामान उकळायची, तशा तिने नळ्याही उकळल्या. या नळ्या औषधाच्या पाण्यात ठेवायच्या असतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. झाकण काढलं, तर तिन्ही नळ्या पुन्हा सुतासारख्या सरळ. बाहेर स्ट्रेचरवर बाई. सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "नळ्या तयार?"

"न्हाई सायेब," सुभेदार पुढे होत म्हणाले. "कालचा बाक माज्या मनाला पटंना. नवा देतो, तासभर थांबा."

कधी खोटं न बोलणारा माणूस, पण थाप अशी सरळ चेहऱ्याने मारली की क्षणभर मलाही खरी वाटली. मग ते सिस्टरकडे वळले. "रडतीस काय पोरी? पानी ठेव. आन् तार तू धर."

दोघांनी मिळून नवी नळी केली. ती पहिल्याच खेपेला वळण ओलांडून वर चढली. मी फोटो धुऊन आणला. हरभऱ्याएवढा फुगा, स्पष्ट. "घावला रं," सुभेदार म्हणाले आणि तिथेच स्टुलावर बसले. दोन दिवसांनी डॉक्टरांनी कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी चिमटा लावला.

पुढे तयार बाकाच्या नळ्या बंद पाकिटातून येऊ लागल्या. सुभेदार गावी गेले, आणि आता तर ते नाहीतच. मला ते आठवतात ते बाईंच्या खाटेशी, सावधान उभे. बाई शुद्धीवर आल्या होत्या. नाव सांगितलं, गाव सांगितलं, डॉक्टर खूश होऊन गेले. सुभेदारांचं समाधान होईना.

"बाई, येकोणतीसचा पाडा म्हना."

बाईंनी डोळे मिटले. "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..." आवाज बारीक, पण कुठे अडखळला नाही. थेट दोनशे नव्वदपर्यंत गेला.

सुभेदार माझ्या कानाशी लागले. "बरूबर हाय का रं? मला कुटं येतोय."

मला तरी कुठे येत होता? आम्ही दोघांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने बरोबर म्हणून मान डोलावली.

बाईंनी डोळे उघडून सुभेदारांकडे रोखून पाहिलं. "आता तुम्ही म्हणा."

सुभेदारांनी डोक्यावरची टोपी काढली, हाताची घडी घातली आणि "येकोणतीस येके येकोणतीस" एवढं म्हणून रडायला लागले.