साडूभाऊंचे सव्वीस मीटर

माझ्या साडूंइतका काटेकोर माणूस निगडीपासून चाकणपर्यंत दुसरा नाही, आणि माझं रक्त आटवायची इतकी पक्की हातोटी असलेलाही दुसरा नाही. लग्न झाल्यापासून मी या माणसावर चिडतो आहे आणि अजून मला त्याचा कंटाळा आलेला नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, मी चारचौघांत साडूभाऊ म्हणतो, आणि मनात काय म्हणतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मूळचे बार्शीकडचे, राहायला चिखलीत, नोकरीला चाकणच्या एका कंपनीच्या गेजरूममध्ये. गेजरूम म्हणजे कंपनीतली मोजायची साधनं जिथं स्वतःच मोजली जातात ती थंडगार खोली. तिथं एक मास्टर असतो. मास्टर म्हणजे ज्याच्या मापावर कुणी शंका घ्यायची नाही असा पोलादाचा तुकडा. बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. जुळलं तर हिरवं स्टिकर, नाही जुळलं तर लाल, आणि स्टिकरवर पुढच्या तपासणीची तारीख. साडूभाऊ ही अख्खी खोली रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून घरी घेऊन येतात.

त्यांच्या घरात स्टिकर नसलेली वस्तू शोधून दाखवावी. वजनकाट्याला हिरवं, तापमापकाला हिरवं, भिंतीवरच्या घड्याळाला लाल, कारण ते दिवसाला चार सेकंद पुढं जातं. आमच्या सासूबाईंचं रक्तदाबाचं यंत्र त्यांनी कंपनीच्या डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहिलं आणि लाल ठरवलं, तेव्हा सासूबाईंना वाटलं आपणच नापास झालो. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. चौकातल्या भाजीवाल्या मावशींचा काटा मात्र पास झाला. साडूभाऊंनी त्यावर स्वतःच्या हातानं हिरवं स्टिकर डकवलं आणि मावशींचा धंदा वाढला. आता वर्ष भरत आलं की त्या रस्त्यातच त्यांना अडवून तारीख जवळ आल्याची आठवण करतात आणि एक जुडी मेथी फुकट देतात. ती मेथी घ्यायची नाही असा साडूभाऊंचा नियम आहे. म्हणून ती माझ्या घरी येते. मेथी मला आवडत नाही.

इथवर मी सगळं सोसलं. पण घड्याळाच्या प्रकरणात माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून पुरती खाली आलेली नाही. त्यांची मुलगी ऋतुजा पोलीस भरतीची तयारी करत होती. पोरगी हुशार, काटक, आणि बापाच्या उलट, म्हणजे कमी बोलणारी. भरतीत मुलींना आठशे मीटर धावावं लागतं आणि एकेका सेकंदावर गुण असतात. आता या आपल्या शहरात काय नाही ते सांगा. कंपन्या आहेत, पुलावर पूल आहेत, चौकाचौकात कारंजी आहेत. पण चिखलीतल्या एका पोरीला धावायला मोजलेलं मैदान नाही. जे आहे त्याला कुलूप, नाहीतर त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा मांडव. मग पोरगी धावणार कुठं, तर वर्कशॉपांच्या मागं विकास आराखड्यातल्या, अर्धवट सोडलेल्या रस्त्यावर, सकाळी सहा ते सात, पत्रे वाहणारे टेम्पो सुरू व्हायच्या आत. आठशे मीटर कुठं संपले हे तिला कळावं म्हणून जीपीएसचं घड्याळ हवं होतं. एवढीच गरज. दुकानात जायचं, एक घड्याळ घ्यायचं, घरी यायचं.

साडूभाऊंनी त्याला चार महिने लावले. घड्याळांच्या दोन जाती असतात हे त्यांना कळलं आणि तिथंच घोडं अडलं. एक जात दणकट: जाड काच, बाजूला पाच बटणं, दगडावर आपटा नाहीतर पाण्यात बुडवा, एकदा चार्ज केलं की पंधरा-पंधरा दिवस बघायला नको, पण पोरीच्या मनगटावर डबा बांधल्यासारखं दिसणार. दुसरी जात चकचकीत: पातळ, रंगीत पडद्याची, बोटानं सरकवायची, झोप मोजणारी, थकवा मोजणारी, पण घामेजल्या बोटाला दाद न देणारी आणि दर दोन-तीन दिवसांनी चार्जरला लागणारी. साडूभाऊंनी वहीत दोन रकाने आखले. जेवताना दणकट, चहाला चकचकीत, माझ्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा प्रसाद हातात घेऊन परत दणकट. एका रविवारी मला देहूरोडला घेऊन गेले, एका निवृत्त सुभेदारांचा सल्ला घ्यायला, कारण लष्करातल्या माणसाला दणकटपणातलं कळतं. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्ही शिट्टीवर धावलो एवढंच सांगितलं. साडूभाऊंनी वहीत शिट्टीचा तिसरा रकाना आखला. मी परतीच्या वाटेवर त्यांच्याशी बोललो नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी तोडगा निघाला तो गेजरूमचाच. दोन्ही घड्याळं मास्टरशी ताडायची. चिंचवडच्या दुकानात आठ दिवसांत माल परत घेत होते, तेव्हा आधी एक आणायचं, तपासायचं, मग दुसरं. पण मास्टर? मास्टर म्हणजे तो रस्ता, साडूभाऊंनी स्वतः मोजलेला. त्यासाठी घरातली तीस मीटरची पोलादी टेप निघाली आणि दुसरं टोक धरायला मी. टेपचं टोक पिचलेलं होतं. अशा वेळी गेजरूमची रीत अशी की टोक सोडून द्यायचं, एकच्या खुणेपासून मोजायचं, आणि आलेल्या मापातून एक वजा करायचा. मी एकची खूण रस्त्यावर दाबून धरायची, ते तीसवर खडूची रेघ मारायचे, मग मी त्या रेघेवर, ते पुढं. अशा सव्वीस टेपा आणि वर वीस मीटर. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे एक मीटर वजा केला, तेवढा पुढं सरकले आणि रस्त्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. माझी कंबर धरली होती. त्यांनी विचारलं, बरोबर? मी म्हणालो, बरोबर.

आधी दणकट घड्याळ आलं. ऋतुजा सुरुवातीच्या रेघेपासून पट्ट्यापर्यंत धावली, घड्याळानं सातशे शहात्तर दाखवले. साडूभाऊंनी तीन वेळा धावायला लावलं, तीनदा तेच. लगेच लाल स्टिकर. मग चकचकीत आलं. त्यानं सातशे त्र्याहत्तर दाखवले. शिवाय साडूभाऊंनी ते एक दिवस स्वतःच्या हातावर बांधलं तेव्हा त्यानं त्यांच्या शरीराचं वय एकसष्ट सांगितलं. साडूभाऊ पन्नासचे आहेत. त्याच्या काचेवर लाल स्टिकर जरा जास्तच जोरात बसलं. मी म्हणालो, अहो, दोन वेगळी घड्याळं जवळजवळ एकच सांगतायत, याचा काही अर्थ असेल. त्यांनी माझ्याकडं नव्या ट्रेनीकडं बघावं तसं बघितलं.

"पाव्हणं, दोघं मिळून खोटं बोलत्यात. मास्टर चुकत न्हाई."

दुकानदाराशी ते स्टिकरच्या गोंदावरून अर्धा तास भांडले, घड्याळं परत गेली आणि पोरगी पिवळ्या पट्ट्यावर, बापाच्या हातातल्या साध्या स्टॉपवॉचवर धावू लागली. वेळ झकास येत होती. पूर्ण गुणांच्या आत दोन सेकंद. साडूभाऊ कंपनीत पेढे वाटायच्या गप्पा मारू लागले.

भरतीला आठ दिवस उरले असताना आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जाळी बसवायचं निघालं. मी सेक्रेटरी, म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा. जाळीवाला माप घ्यायला आला. त्याच्या टेपचंही टोक तुटलेलं. एकवर धरा, म्हणाला. मी सवयीनं धरलं. पहिली टेप संपली तसं तो वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "एकोणतीस." दुसरी टेप झाल्यावर म्हणाला, "अठ्ठावन्न." मी एकची खूण हातात धरून तसाच उकिडवा बसून राहिलो. हा माणूस प्रत्येक टेपेला एक वजा करत होता. आम्ही सव्वीस टेपा टाकून फक्त शेवटी एकदा केला होता. गेजरूममध्ये एक वस्तू एकदाच मोजतात, एकदाच वजा करतात. तिथं रस्ता कधी कुणी मोजलेलाच नव्हता.

मी तसाच स्कूटर काढून चिखलीला गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या दारात उभं राहून ओरडलो. चार महिने, दोन घड्याळं, एक सुभेदार, आणि पोरगी रोज सव्वीस मीटर कमी धावते आहे. सव्वीस मीटर म्हणजे तिचे पाच सेकंद. म्हणजे ती आत नव्हती, तीन सेकंद बाहेर होती. मेहुणीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. साडूभाऊंनी हाताच्या बोटांवर हिशेब केला, मग परत केला. ऋतुजा बुटाची नाडी बांधत उंबऱ्यावर बसली होती.

"पप्पा, घड्याळं खरं सांगत होती," ती म्हणाली. एवढंच.

त्या दिवशी साडूभाऊ त्याच दुकानात गेले. मी बरोबर होतो. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी दुकानदाराला सांगितलं की तुमचा माल बरोबर होता, चूक माझी होती. दुकानदारानं दोन्ही घड्याळं पुन्हा समोर ठेवली. साडूभाऊंनी दणकट उचललं. वही उघडली नाही. घामाच्या हातानं बटण तरी दाबता येईल, म्हणाले. चार महिन्यांचं गुऱ्हाळ तीन मिनिटांत आटोपलं, आणि मला त्याचा आनंद झाला नाही.

आठ दिवसांत तीन सेकंद कुणी भरून काढत नाही. ऋतुजानं दोन काढले. नाव निवड यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं, आणि ती यादी तिच्यापर्यंत पोचली नाही. दोन गुण कमी पडले. मला त्या दोन गुणांचा राग आहे, कुलपातल्या मैदानाचा आहे, मांडवांचा आहे, आणि कितीही शोधलं तरी साडूभाऊंवर तो पहिल्यासारखा येत नाही, याचाही आहे.

परवा त्यांच्याकडं गेलो तेव्हा ती टेप खुंटीला टांगलेली दिसली. तिला लाल स्टिकर होतंच, पण खाली गेजरूमसारखं एक कार्डही बांधलं होतं. दोष: वजाबाकी एकदाच. जबाबदार: आणि पुढं त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव, सुवाच्य अक्षरात. मी म्हणालो, टोक मी धरलं होतं, बरोबर आहे असंही मीच म्हणालो होतो, माझं नाव कुठं आहे?

"टोक धरणाऱ्याचं नाव कार्डावर नसतं, पाव्हणं," ते म्हणाले. "मोजणाऱ्याचं असतं."

पुढची भरती कधी निघेल ते कुणालाच माहीत नाही. ऋतुजा रोज सहाला धावते, मनगटावर तो डबा बांधून. रस्त्यावर आता दोन पट्टे आहेत, जुना पिवळा आणि त्याच्या सव्वीस मीटर पुढं नवा पांढरा. साडूभाऊ पूर्वी स्टॉपवॉच घेऊन शेवटी उभे राहायचे. आता ते पिवळ्या पट्ट्यावर रिकाम्या हातानं उभे असतात, आणि ती तिथं आली की तिच्या बाजूनं, धापा टाकत, पांढऱ्यापर्यंत पळत जातात.