लाइट गेली की टाळी वाजवणाऱ्या बाई

लाइट गेली की सिंधीपुऱ्यात सगळे कपाळाला हात लावायचे. आमच्या ग्रंथालयातल्या बाई मात्र टाळी वाजवायच्या. "गेली! चला, बसा पटकन!" आजूबाजूचे यंत्रमाग बंद पडले की गल्लीत शांतता व्हायची आणि पुस्तकांच्या पॉडकास्टच्या रेकॉर्डिंगला त्यांना तीच हवी असायची. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून त्या समोर दिसेल त्याला वाचायला बसवत.

मी कागद कारखान्यातून निवृत्त झालेला, फुकट वर्तमानपत्र वाचायला येणारा माणूस. माझ्याही हातात त्यांनी एक रहस्यकथा कोंबली. मी रंगात आलो की ऐन प्रसंगाला त्या हात वर करत. "बस्स! पुढचं कपाटात आहे." प्रत्येक पॉडकास्ट याच वाक्यावर संपायचा. मला भयंकर राग यायचा. खून कुणी केला हे सांगायला निघालेल्या माणसाला असं अडवतात का, तुम्हीच सांगा.

पण हट्ट उगाच नव्हता. आमचं शहर हिंदी मुलखातलं; मराठी पुस्तकं कुणी नेत नाही, तेव्हा दिवाळीनंतर त्यांचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकायचे, असं समितीनं ठरवलं होतं. "इथे मराठी वाचणारे उरले कुठे?" अध्यक्ष म्हणाले.

"बोलणारे तर आहेत ना? वाचणारे मी आणते." बाईंच्या आवाजात तसूभर शंका नव्हती.

एकदा जसोंडीचा एक केळीवाला शेतकरी दारात येऊन उभा राहिला. बागेत काम करताना त्यानं पॉडकास्ट ऐकला होता.

"ताई, त्या पोरीचं पुढे काय झालं?"

"कपाटात आहे. घेऊन जा."

"आपल्याले मराठी वाचता नाही येत ना. शाळा तर हिंदीत झाली आपली."

"अक्षरं तर तीच आहेत, दादा! बसा इथं."

आमच्याकडे हा गैरसमज घरोघरी. घरात मराठी बोलायचं, शाळेत हिंदी शिकायची आणि मराठी पुस्तक दिसलं की लांबूनच हात जोडायचे. बाईंनी त्याला पहिलं पान मोठ्यानं वाचायला लावलं. तो अडखळला, घामाघूम झाला, पण पानाच्या तळाशी पोचला. पुस्तक काखेत मारून गेला.

मग बाईंनी व्हिडिओ सुरू केले. चेहरा नाही, संगीत नाही. नुसतं पान, ओळीखालून सरकणारं बोट आणि वाचणारा आवाज. बुधवारा मोहल्ल्यातल्या बायका दुपारी ते बघत त्याबरोबर वाचू लागल्या आणि मग राहिलेला भाग वाचायला ग्रंथालयात येऊ लागल्या. दिवाळी आली नि गेली. गठ्ठ्यांसाठी आणलेली सुतळी तशीच पडून राहिली.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. मुलीकडे नाशिकला निघाल्या होत्या. निरोपाच्या दिवशी म्हणाल्या, "गाडीत वाचायला एखादं नेते, पोस्टानं परत पाठवीन." कपाट उघडलं तर खालच्या फळीवर जाडजूड कोश तेवढे उरलेले. बाकी सगळं लोकांकडे.

"काय हो, मला काहीच ठेवलं नाही तुम्ही!"

आणि मोकळ्या हातांनी, हसत हसत त्या पायऱ्या उतरल्या. इतक्या खूश मी त्यांना कधीच पाहिल्या नव्हत्या. रडू आलं ते मला.