दुसऱ्यांदा काय झालं?

उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तोंडापुढं उभा धरायचा आणि म्हणायचं, "बस्स! साइड ठरली." झालं. समोरचं पोर बोलण्याच्या मध्यात असेल, तर राहिलेलं वाक्य त्याच्या पोटातच राहायचं.

तुमच्याही कॉलनीत असा एखादा माणूस असणार, आठवून बघा. दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टरांच्या कॉलनीत, तो समोरच्या ब्लॉकमध्ये राहायचा. एका शाळेत मुलांना करिअरबद्दल सल्ला द्यायची नोकरी. तेव्हा अशी काही नोकरी असते हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कॉलनीत भाव फार. सगळे त्यांना गायडन्सकाका म्हणत. त्यांचं खरं नाव मला पाठ आहे, पण मी ते लिहिणार नाही. तेवढा मान त्यांना माझ्याकडून मिळायचा नाही.

दहावीचा निकाल लागला की कॉलनीतली मराठी घरं पोराला घेऊन काकांकडे जायची. काका पोराला वेताच्या मोढ्यावर, म्हणजे बुटक्या स्टुलावर, बसवत, चष्म्यावरून बघत आणि दोन-चार प्रश्न विचारत. "पाय बघून चप्पल घ्यायची असते, वहिनी," ते आईलोकांना सांगत. "पोराचा पाय मला बरोबर कळतो." आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीनं बसल्याबसल्या भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर सरळ केलं, तर तळवा वर! "बस्स! साइड ठरली. लायब्रेरियन." बिचारीला पुस्तकांच्या धुळीनं शिंका येतात. अजून शिंकते आहे एका लायब्ररीत.

खोटं कशाला बोलू, माणूस दुष्ट नव्हता. ॲडमिशनच्या रांगेत भर जूनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांसाठी स्वतः उभा राहायचा. परत येताना त्या पोराला कुल्फी खिलवायचा. कुणाकडून कधी पैसा घेतला नाही. दुष्ट असता तर बरं झालं असतं हो. चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

माझा मोठा भाऊ, दादा, याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. दिल्लीत पंधरा ऑगस्टला पतंग उडतात आणि मांज्यानं पक्षी कापले जातात. दादा त्या दिवसांत गच्चीवरून, झाडाखालून जखमी घारी, कबुतरं उचलून आणायचा. बाबांच्या बुटांचा मोठा खोका, त्याच्या झाकणाला भोकं, आत आईची जुनी साडी. हा त्याचा दवाखाना. मी कंपाउंडर. घरी कमी बोलणारा दादा त्या खोक्यात तोंड घालून घारीशी तासन्‌तास बोलायचा.

त्याची दहावी झाली आणि बाबा त्याला काकांकडे घेऊन गेले. मीही मागं लागून गेले. काकांनी विचारलं, "जनावरांचा डॉक्टर? अच्छा. रक्त बघून चक्कर येते का?"

दादा खोटं बोलायला शिकलेला नव्हता. तो म्हणाला, "पहिल्यांदा आली होती काका, पण..."

तळवा वर. "बस्स! साइड ठरली. कॉमर्स."

दादाचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं. त्यानं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "काका म्हणताहेत म्हणजे बिल्कुल बरोबर असणार." काकांनी दादाची पाठ थोपटली आणि त्याला कुल्फीला पैसे दिले. मी दारात उभी होते. "पण" च्या पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतं? पुढच्या रविवारी कबाडीवाला आला, तेव्हा दादानं तो खोका स्वतःच्या हातानं त्याच्या गाडीवर टाकला.

दादा कॉमर्स झाला, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागला, फायली पुढं सरकवत राहिला. त्याला क्वार्टरही लक्ष्मीबाई नगरातच मिळालं. वाईट काही झालं नाही, लोक म्हणतात. फक्त दर पंधरा ऑगस्टला तो घराच्या खिडक्या लावून घेतो आणि टीव्ही मोठा करतो. हे मी वर्षानुवर्षं बघितलंय आणि दर वेळी दातओठ खाल्लेत.

माझी पाळी आली तेव्हा काका म्हणाले, "छोटीला होम सायन्स." मी म्हटलं, "नाही. तुम्ही शिकलात तेच मी शिकणार." मला त्यांच्याच शास्त्रानं त्यांचं उट्टं काढायचं होतं. आणि काका? ते तर खूश! वर्षभर कॉलनीभर सांगत फिरले, "छोटी माझ्यामुळं या लाइनमध्ये आली." माझा नुसता तिळपापड!

शिकत गेले तसतसा माझा राग शास्त्रशुद्ध होत गेला. काकांची ती चप्पल म्हणजे या विषयाची पहिली पायरी होती: माणूस मोजा, काम मोजा, जोडी लावा. पुढं लोकांच्या लक्षात आलं की पाय वाढतो. माणूस पन्नाशीतही बदलतो, कितीतरी गोष्टी योगायोगानं घडतात, आणि मुळात करिअर म्हणजे माणूस स्वतःबद्दल सांगत जातो ती गोष्ट. सल्लागारानं ती पुरी ऐकायची. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. विचारायचं, "आणि मग? दुसऱ्यांदा काय झालं?"

आता मी शाळांमधल्या सल्लागारांना हेच शिकवते. नोएडात माझ्या कार्यशाळा होतात आणि प्रत्येक कार्यशाळेत मी एका "गृहस्थांची" नक्कल करते. मोढा, चप्पल, तळवा, सगळं. लोक पोट धरधरून हसतात. माणसाला नाव न घेता किती वर्षं बदनाम करता येतं, विचारा मला!

एकदा अशीच उभी राहिले आणि बघते तर पहिल्या रांगेत काका. पांढरे केस, कानात यंत्र. रिटायर होऊन नोएडात मुलाकडे राहायला आले होते आणि जवळच्या शाळेनं त्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. या वयात शिकायला आले होते, वही-पेन घेऊन. मग म्हटलं, चलो, इतकी वर्षं याचीच तर वाट बघत होते! त्या दिवशी नक्कल मी अशी केली की नंतर हात दुखला.

आणि काका सगळ्यांत मोठ्यानं हसले.

चहाच्या वेळी स्वतःच माझ्याकडे आले. "क्या बात है, छोटी! असले लोक होते गं खरंच. पोरांचं वाटोळं केलं त्यांनी."

मी म्हटलं, "काका, तो माणूस तुम्ही."

"मी?" ते अजून हसतच होते. "मी कुणाला असं म्हणालो?"

"दादाला."

काका आठवत राहिले. त्यांना आठवेना. ज्या दुपारीपायी मी अख्खा जन्म या विषयात घातला, ती दुपार या माणसाच्या लक्षातही नव्हती! माझं डोकंच फिरलं. मोढा, कुल्फी, खोका, मी सगळं सांगितलं. आवाजही खाली घेतला नाही, आजूबाजूचे शिक्षक कप हातात धरून ऐकत होते. "पहिल्यांदा आली होती, पण... असं म्हणाला तो. आणि तुम्ही हात वर केलात."

काकांनी कप खाली ठेवला. मग सकाळभर मी शिकवलेला प्रश्न त्यांनी मलाच विचारला. "आणि दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा काय झालं गं?"

मी उजवा तळवा त्यांच्या तोंडापुढं उभा धरला. "बस्स, काका."

आणि आत निघून गेले. वाईट वाटलं का? नाही. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलेले नाही. जेवणानंतरच्या सत्रात पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

त्या हिवाळ्यात काका गेले. आम्ही जुने शेजारी त्यांच्या मुलाच्या घरी भेटायला गेलो. मी गेले ती आईनं भरीला घातलं म्हणून. तिथं दादा कोपऱ्यात बसून रडत होता. मला राग आला. मी त्याला जिन्यात ओढलं. "तू का रडतोस? तुझं काय भलं केलं होतं त्यांनी?"

"काका आले होते माझ्याकडे," दादा म्हणाला. "मध्ये एकदा. एकटे, मेट्रोनं. गुडघे धरत जिना चढून आले. म्हणाले, दुसऱ्यांदा काय झालं ते सांग."

"आणि तू सांगितलंस?"

"सगळं. दुसऱ्यांदा घारीच्या पंखात रुतलेला मांजा मी सोडवला, तू खोका धरला होतास... तू धरला होतास ना खोका? रक्त होतं, पण मला काही झालं नाही. मग ती गच्चीवरून उडाली, तेही सांगितलं. दुपारभर बसले होते. एकदाही हात वर केला नाही गं त्यांनी."

"माफी मागितली?"

"नाही. ऐकत होते."

मी जे उत्तर दाबून ठेवलं होतं, ते हा माणूस जिने चढून घेऊन आला! माझा इतक्या वर्षांचा सूड, आणि शेवट त्यांनी परस्पर उरकून टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. मी तिथून तडक घरी आले.

यंदाच्या पंधरा ऑगस्टला दुपारी दादाचा फोन आला. मागं टीव्हीचा आवाज नव्हता. "छोटी, तुझ्याकडे बुटांचा खोका आहे का? मोठा? झाकणाला भोकं पाडून आण. घार आहे, टॉवेलात गुंडाळून ठेवलीय."

मी खोका घेऊन ऑटोत बसले आणि रस्ताभर काकांना शिव्या घातल्या. एक प्रश्न होता हो, एकच. तेव्हाच विचारायला काय झालं होतं?

दादाच्या जिन्यात शिरले तर वरून त्याचा आवाज आला, "हळू ये गं, घाबरेल ती." दादाचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. मी चपला खालीच काढल्या आणि पाऊल न वाजवता वर गेले.

काकांना मी अजून माफ केलेलं नाही.